हवालदारकाकांवर लिहिलं तेव्हा

आमच्या घरात वाजवणारं कुणीच नव्हतं, पण घर कधी शांत नसायचं. पुढच्या खोलीत अब्बांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही, असं ते साताऱ्यातल्या एका अरुंद बोळातलं बिऱ्हाड होतं. दुकानाला पाटी नव्हती. दाराच्या चौकटीला एक फुटका बिगुल टांगलेला असायचा, तेवढ्या खुणेवर माणसं बरोबर यायची. लग्नसराई संपली की कोरेगाव, वडूज, विटा, तासगाव अशा गावांतून बँडवाले आपापली वाद्यं घेऊन हजर व्हायचे. कुणी पोत्यात घालून आणायचं, कुणी चादरीत गुंडाळून, कुणी एसटीच्या टपावर टाकून. ट्रंपेट घोड्याच्या लाथेनं चेपलेलं असायचं, क्लॅरिनेटच्या चाव्या नवरदेवाच्या मित्रांनी नाचता नाचता मोडलेल्या असायच्या, आणि एकदा तर एका मोठ्या भोंग्याच्या वाद्यातून चिमणीचं अख्खं घरटं निघालं होतं. अब्बा लाकडी हातोडीनं पोचे काढायचे, शेगडीवर लोखंड तापवून कथलानं सांधे झाळायचे, मेंढीच्या मऊ कातड्याच्या गोल गाद्या कापून सॅक्सोफोनच्या चाव्यांखाली बसवायचे. त्यांना एकही गाणं वाजवता येत नव्हतं. काम झालं की वाद्यात ते एकच लांब सूर फुंकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि समाधान झालं तर म्हणायचे, "बोललं." तो सूर मागच्या खोलीत माझ्या पुस्तकांपर्यंत यायचा, स्वयंपाकघरात अम्माच्या भांड्यांत थोडा वेळ घुमायचा आणि बोळाकडे निघून जायचा.

घरात आम्ही दखनी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर सातारी मराठी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे. अम्माची भाषा बदलायची ती फक्त गिऱ्हाईक बघून. लांबून आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जायचा नाही हा तिचा नियम होता, आणि अब्बांचं काम कधीच सांगितलेल्या वेळेला होत नसल्यामुळे तो नियम बहुतेकांना लागू पडायचा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि पातळ आमटी. शुक्रवारी मटणाचा रस्सा. झाळकामाचा उग्र वास आणि रश्श्याचा वास एकमेकांत मिसळून एक तिसराच वास तयार व्हायचा. मी पुढं पुष्कळ गावं हिंडले, चांगल्या चांगल्या हॉटेलांत बसून परदेशी वादकांच्या मुलाखती घेतल्या, पण तो वास पुन्हा कुठं मिळाला नाही. ज्या घरात संगीत म्हणजे आधी पोचे काढायचं काम असतं, त्या घरात वाढल्याचा मला फार फायदा झाला. वाद्यं पडतात, गळतात, अडतात, आणि तरी त्यांच्यातून सूर निघतो, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं.

या दुकानात येणाऱ्यांपैकी आमच्या घरचेच झालेले एकजण होते. बिराप्पा हवालदार. मूळचे जत तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पोरवयात माळावर पावा वाजवायचे. सैन्यात भरती झाल्यावर कुणीतरी तो पावा ऐकला आणि त्यांना बँडात टाकलं. तिथं गोव्याचा एक म्हातारा बँडमास्तर होता. त्यानं यांच्या हातात सॅक्सोफोन दिला, आणि सुट्टीच्या दिवशी पलटणीच्या वाद्यांवर जॅझ वाजवायला शिकवलं. पेन्शन घेतल्यावर हवालदार गावी गेले नाहीत. पलटणीतले निम्मे दोस्त साताऱ्याचे, म्हणून इथंच राहिले आणि लग्नांसाठी बँड काढला. उंच, काळे, पांढऱ्या मिशांचे, आणि चालणं मात्र अजून मेंढरांमागं चालल्यासारखं, लांब लांब टांगा टाकत. ते अब्बांना मिस्त्री म्हणायचे आणि मला अव्वा. कानडी मुलखाकडं आईला अव्वा म्हणतात आणि लाडानं लेकीलाही. गावाकडून येताना ते अम्माला हुलग्याचं पीठ आणायचे आणि ती त्याचं माडगं करायची. चुलीजवळ बसून ते गरम माडगं फुर्र करून पिताना हवालदारकाका डोळे मिटायचे, तसे ते फक्त सॅक्सोफोन वाजवताना मिटायचे.

त्यांच्याकडं एक पेटीचा ग्रामोफोन होता. छावणीतून बदली होऊन गेलेल्या एका साहेबाचं सामान विकायला निघालं तेव्हा घेतलेला. सोबत जॅझच्या थोड्या रेकॉर्डी. बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा ते पेटी घेऊन यायचे. मी शाळेत असल्यापासून हे चालू होतं. त्या रेकॉर्डींवर काय गात आहेत यातला एक शब्द मला कळत नव्हता, आणि काकांनाही फारसा कळत नसावा. पण ते मला ऐकायला शिकवायचे. एकदा मी विचारलं, "काका, हा माणूस चाल सोडून भलतीकडंच चाललाय. चुकलाय का?"

"न्हाई गं अव्वा," ते म्हणाले. "कळप चाललाय आसं समज. त्यातलं एक मेंढरू बाजूला जातं, बांधावरचा पाला खातं. पर त्येचा एक कान कळपाकडं आसतुया. त्याला ठावं आसतंय, कवा माघारी जायचं ते. हे तसलं हाय."

मी जन्मभर जॅझवर लिहिलं. जाड जाड पुस्तकं वाचली, परिसंवादांत बोलले. याहून सोपं आणि याहून बरोबर मला कुणी सांगितलं नाही. लोक मला नेहमी विचारायचे, आणि आता घरी मोबाईल घेऊन मुलाखतीला येणारी तरुण पोरंही विचारतात, की एकाच वर्तमानपत्रात तुम्ही एका पानावर जॅझचं परीक्षण आणि दुसऱ्या पानावर लिहिण्या-बोलण्याच्या स्वातंत्र्याचं सदर लिहायचात, या दोन गोष्टींचा संबंध काय? मी काहीतरी विद्वत्तेचं उत्तर देऊन वेळ मारून नेत असे. खरं उत्तर सांगलीच्या एका कार्यक्रमात आहे, आणि ते सांगायला एक प्रकरण लागतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या बोळाच्या तोंडाशी साळुंखे सरांचा छापखाना होता. सर शाळेतून निवृत्त झालेले. लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापून पोट भरायचे आणि त्यावर एक चार पानी साप्ताहिक काढायचे. त्यांनी मला कॉलेजच्या अंकात काहीतरी लिहिलेलं वाचून बोलावलं आणि म्हणाले, "तुझ्या दारात एवढे बँडवाले येतात, त्यांच्यावर लिही की. त्यांच्यावर कोण लिहिणार दुसरं?" मग मी लिहायला लागले. कोरेगावच्या बँडात ढोल वाजवणाऱ्या माणसावर, लग्नात एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवायला लावणाऱ्या वऱ्हाडावर. खाली माझं नाव यायचं, शहनाज मिस्त्री. अम्माला वाचता येत नव्हतं. ती त्या नावावरून बोट फिरवायची आणि अंक पिठाच्या डब्यावर ठेवून द्यायची.

त्या वर्षी सांगलीतल्या काही व्यापाऱ्यांनी आणि माजी सैनिकांनी मिळून हवालदारकाकांचा सत्कार ठरवला. सत्कारानंतर त्यांचं सॅक्सोफोनवादन. साथीला पुण्याहून पियानो आणि ड्रम वाजवणारे येणार होते. काकांनी समितीला आधीच सांगितलं होतं की मी माझं वाजवणार, आणि समिती हो म्हणाली होती. मग उन्हाळाभर, लग्नाची सुपारी नसेल त्या दिवशी, ते आमच्या दुकानात येऊन एकच चीज घोटत राहिले. त्यांची आई मेंढरांमागं फिरताना ओव्या म्हणायची. त्यातल्या एका ओवीची चाल त्यांनी घेतली होती आणि तिला जॅझच्या वाटेनं सोडलं होतं. सुरुवातीला ओवी ओळखू यायची. मग ती माळावर लांब लांब जायची, इतकी की आता ही काही परत येत नाही असं वाटायचं, आणि मग कुठूनतरी, दमलेली, धुळीनं भरलेली अशी परत यायची. पहिल्यांदा पूर्ण वाजवलं तेव्हा अब्बांनी हातोडी खाली ठेवली होती. आतून अम्मा पदराला हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहून ऐकत राहिली.

सांगलीला आम्ही तिघंही एसटीनं गेलो. अम्मा त्याआधी कधी कुठल्या कार्यक्रमाला गेली नव्हती. स्टँडवर भडंग घेऊन खाल्लं आणि हॉलवर पोचलो तर पुढच्या रांगा भरलेल्या होत्या. पदकं लावलेले निवृत्त जवान, फेटे बांधलेली मंडळी, बायका-मुलं. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. मग काका उभे राहिले, पुण्याच्या दोघांना मानेनं खूण केली आणि ओवी सुरू केली. ती जेमतेम माळापर्यंत गेली असेल नसेल, तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक चिठ्ठी स्टेजवर गेली. मग दुसरी. लोक चुळबुळ करत होते हे खरं आहे. समितीचे अध्यक्ष सांगलीतले मोठे व्यापारी होते. ते माइकजवळ जाऊन हसत म्हणाले, "हवालदारसाहेब, जरा ओळखीचं होऊ द्या. आपली माणसं आहेत." काकांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला. चिठ्ठी वाचली. आणि सिनेमाचं गाणं सुरू केलं. मग शेवटपर्यंत सिनेमाचीच गाणी झाली. शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. शेवटी उभं राहून टाळ्या वाजल्या. मी काकांकडं बघत होते. सगळा वेळ त्यांचे डोळे उघडे होते.

परतीच्या गाडीत अम्मा म्हणाली, "लोक किती खूश झाले." अब्बा खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी लेख लिहिला. त्यातली दोन-चार वाक्यं मला आजही पाठ आहेत. "हवालदारांनी काल सगळ्यांना खूश केलं, फक्त स्वतःला सोडून. ज्या माणसाला बोलायला व्यासपीठ दिलं, त्यानं काय बोलायचं हे चिठ्ठीवर लिहून दिलं गेलं, आणि त्यानं ते वाचून दाखवलं. याला सत्कार म्हणतात की नाही ते मला माहीत नाही." पुढं हेही लिहिलं की शेवटच्या गाण्यापर्यंत त्यांचा दम उखडला होता आणि खालचा सूर फुटत होता.

साळुंखे सरांनी तो उभ्यानं वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "हे छापलं तर काय होईल, कल्पना आहे?"

"सर, ते खरं आहे."

"खरं आहे का, असं मी विचारलं नाही. हा माणूस तुझ्या घरी जेवतो."

मी म्हणाले, "दुसऱ्या कुणावर लिहिलं असतं आणि यांच्यावर नसतं लिहिलं, तर यांना काय वाटलं असतं?" हे वाक्य मला कसं सुचलं कोण जाणे. सरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि कागद छपाईचे खिळे जुळवणाऱ्याकडं दिला. नंतर कितीतरी संपादकांबरोबर मी काम केलं. त्यातले काही नामांकित होते. पण कॉलेजातल्या पोरीचं म्हणणं ऐकून स्वतःचा छापखाना पणाला लावणारे सर मला सुरुवातीलाच भेटले, हे माझं नशीब.

अंक निघाला आणि हवालदारकाका दुकानात यायचे बंद झाले. बाजाराचा दिवस आला आणि गेला. मग बँडवाले येईनासे झाले. सांगलीच्या बाजूचे दोघंतिघं तर अर्धवट राहिलेली वाद्यं तशीच परत घेऊन गेले, जाताना नजर चुकवून. एका सकाळी समितीचे अध्यक्ष आणि त्यांच्याबरोबर चारपाचजण आमच्या दुकानात आले. अम्मानं नियमाप्रमाणं चहा टाकला. त्यांनी तो घेतला. हल्ली मला शिव्या येतात त्या मोबाईलवर येतात, नाव नसलेल्या, तोंड नसलेल्या. तेव्हा माणसं समोर बसून चहा पिऊन रागवायची, आणि मला वाटतं त्यामुळं राग माणसाच्या मापात राहायचा.

अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही सरळ माणूस. पण पोरीनं एका जवानाचा अपमान केलाय. पुढच्या अंकात तिला माफी मागायला सांगा. विषय संपला."

अब्बांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "सायेब, लिवलंय तिनं. खाली नावबी तिचंच हाय. मला काय इचारता? ती घरातच हाय, तिला इचारा." आणि त्यांनी मला हाक मारली.

आमच्या बोळात, आमच्या नात्यात, मुलीबद्दल काही बोलायचं तर लोक बापाशी बोलायचे, भावाशी बोलायचे. मी ओल्या हातांनी दुकानात आले आणि त्या सगळ्या पुरुषांसमोर उभी राहिले. मी म्हणाले, "लेखात काय खोटं आहे ते सांगा. ते मी दुरुस्त करीन." अध्यक्ष उठता उठता अब्बांना म्हणाले, "मग रविवारी सगळ्यांसमोर होऊ दे. हवालदारच सांगतील काय ते." ते गेल्यावर अम्मा मात्र रडली. "हवालदारांना मी माझ्या हातानं वाढलंय," ती म्हणाली, "ते काय म्हणतील तेवढं मला नको ऐकायला." अब्बा तिच्याजवळ जाऊन बसले. त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. माझ्यासाठी त्यांनी दोस्त गमावायची तयारी केली होती आणि त्याबद्दल मला एक शब्दही ऐकवला नव्हता.

रविवारी सकाळी साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये बैठक भरली. समितीच्या ओळखीचे इथले व्यापारीही आले होते; त्यांच्याकडून साळुंखे सरांना सांगण्यात आलं की माफी छापली नाही तर जाहिराती बंद आणि पत्रिकांचं कामही बंद. सर म्हणाले, "हवालदारांचं ऐकू या आधी." काका भिंतीशी बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, पलटणीची टोपी मांडीवर ठेवून. माझ्याकडं त्यांनी बघितलं नव्हतं. ते उभे राहिले.

"ह्या लोकांनी बोलावलंय ते माझा अपमान झाला म्हनून," ते म्हणाले. "झालाय. न्हाई कशाला म्हनू? पेपर वाचला त्या दिशी मी जेवलो न्हाई. हिला मी फ्रॉकात हुती तवापासनं रेकॉर्डी ऐकिवल्यात. मला लय लागलं." त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पर अपमान कुनी केला, ह्येचा मी इचार करत बसलो. पलटणीत काय वाजवायचं त्येचा हुकूम यायचा. सलामीला हे, परेडला हे, सायबाच्या पार्टीला हे. त्यात काय वावगं न्हाई, नोकरीच ती. पर मनात म्हनायचो, पेन्शन झाली की माझं मी वाजवीन. सांगलीला ते सुरू केलं. माझ्या आईची ओवी हुती ती. आन चिठ्ठी आली. कुनी बंदूक लावली न्हवती मला. चिठ्ठी बघितली आन माझ्या बोटांनी सलाम ठोकला. पोरीनं एवढंच लिवलंय. आता तिनं माफी मागायची ती कशाची?"

अध्यक्ष म्हणाले, "हवालदारसाहेब, तुम्ही मोठ्या मनाचे आहात, पण..."

"मोठ्या मनाचा न्हाई मी. मला राग हाय तिचा, आजून हाय. मलाबी छापायचं हाय." ते साळुंखे सरांकडं वळले. "लिवून घ्या, मास्तर. लेखात म्हटलंय, हवालदाराचा दम उखडला, खालचा सूर फुटला. माझा दम उखडला न्हाई. खालच्या चावीची गादी हवा सोडत हुती. आन ती गादी बशीवली हाय ह्या मिस्त्रींनी. जशाला तसं छापा."

हॉलमध्ये हशा पिकला. आधी माजी सैनिक हसले, मग समितीचे लोकही. फक्त दोघंजण हसले नाहीत. एक मी, आणि दुसरे अब्बा. सरांनी विचारलं, "मिस्त्री, छापू का हे?" अब्बांची सगळी अब्रू त्यांच्या गाद्यांत होती. ते बराच वेळ जमिनीकडं बघत बसले.

"तिचं छापलं, आता त्येंचंबी छापा," ते म्हणाले. "नाव तेवढं नीट लिवा माझं."

नंतरच्या आयुष्यात मी न्यायालयांचे निकाल वाचले, मोठमोठ्यांची भाषणं ऐकली, स्वतःही सदरातून लोकांना शिकवत राहिले की आपल्याविरुद्ध बोललेलंही सहन करता आलं पाहिजे. लिहिताना प्रत्येक वेळी मला अब्बांचा तो जमिनीकडं बघणारा चेहरा दिसायचा. सहन करणं म्हणजे काय, ते मी त्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

माफी छापली गेली नाही. काकांचं म्हणणं छापलं गेलं, पहिल्या पानावर, अब्बांच्या नावासकट. साप्ताहिकाच्या जाहिराती आटल्या आणि पुढं पुष्कळ दिवस सर स्वतःच खिळे जुळवत बसायचे, पण अंक निघत राहिला. बँडवाले पुढच्या लग्नसराईआधी हळूहळू परत आले. अब्बांनी निरोप पाठवून काकांचा सॅक्सोफोन मागवून घेतला, सगळ्या गाद्या उचकटून नव्या बसवल्या. खालची गादी खरंच गळत होती. काका तो न्यायला आले तेव्हा अब्बांनी तसं सांगून टाकलं. काका त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर बसले, आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "वैनी, च्या हाय का?" आणि अम्मानं चहाबरोबर भाकरीही आणून ठेवली. माझ्याशी मात्र त्या दिवशी ते बोलले नाहीत. मी दारात उभी राहिले, पुस्तक घेऊन आले, पाणी नेऊन दिलं. नाही बोलले. मला ते फार लागलं आणि लागणं बरोबर आहे हेही कळत होतं.

पावसाळा उलटून गेल्यावर ते एकदा अब्बांना म्हणाले, "गावच्या शाळेच्या आवारात वाजवनार हाय. तुमी या. अव्वालाबी आना." एवढंच. मी आत तांदूळ निवडत होते. ते ताट तसंच ठेवून मी उगाचच परसात जाऊन उभी राहिले.

जतच्या पुढं त्यांच्या गावाला आम्ही पोचलो तेव्हा पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेला होता आणि बाया भरलेल्या घागरी घेऊन कानडीत बोलत घराकडं चालल्या होत्या. शाळेच्या पुढं सतरंज्या टाकलेल्या. मेंढरं माघारी यायची वेळ, सगळीकडं कोवळी धूळ आणि तिरपं ऊन. स्टेज नव्हतं, माइक नव्हता, पुण्याचे साथीदारही नव्हते. काका एका खुर्चीवर बसले आणि ओवी सुरू केली. या खेपेला ती माळावर गेली आणि जातच राहिली. गाव आधी कौतुकानं ऐकत होतं. मग माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तरुण पोरं सिनेमाच्या गाण्याची वाट बघून बघून उठली, त्यांच्यामागं आणखी काहीजण. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मोठ्यानं विचारलं, "मुगीतेनु?" म्हणजे संपलं का. गावीच राहणाऱ्या काकांच्या बायकोनं त्यांना दटावून गप्प केलं, पण तेही थोड्या वेळानं काठी टेकत निघून गेले. काकांचे डोळे मिटलेले होते. खालचा सूर एकदाही फुटला नाही. ओवी परत आली तेव्हा सतरंज्यांवर मधे मधे मोकळ्या जागा पडल्या होत्या. घोंगडी घेतलेल्या काही बाया आणि थोडी म्हातारी माणसं तेवढी जागची हलली नव्हती. त्यातल्या एका आजीचे ओठ हलत होते.

वाजवून झाल्यावर काका शाळेच्या पायरीवर बसून सॅक्सोफोन पुसत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. सांगलीनंतर आमचं बोलणं असं झालेलंच नव्हतं.

"काका, फार सुंदर झालं."

त्यांनी मान हलवली.

"पण अर्धे लोक उठून गेले. मला ते लिहावं लागेल."

"दिसलं की मला. डोळं मिटलं तरी पाय वाजत्यात न्हवं लोकांचं." त्यांनी फडकं झटकलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "लिव गं अव्वा. जे झालं ते लिव. पर अर्धे बसले हुते, तेबी लिव."

मी दोन्ही लिहिलं.